बुटक्याची तलवार आणि मीनाक्षी मॅडम

“तुमचा बुटका लढतोय की दात कोरतोय?”

स्पीकरफोनमधून हेन्रिकने हे विचारलं आणि आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये कोणीही हसलं नाही. हेन्रिक आमचा क्लायंट. युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात बसून तो एक कॉम्प्युटर गेम काढत होता. त्या गेममधली माणसं, राक्षस, चिलखतं, तलवारी हे सगळं आम्ही चेन्नईत बनवत होतो, वेलचेरीतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तलवारींचा विभाग माझा होता.

प्रभाकरन सरांनी, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकांनी, फोनचं म्यूट बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मंजिरी, काय आहे हे?”

“सर, तलवार आहे.”

“मला कळतंय. त्याला कळत नाहीये.”

ही गोष्ट दोन हजारच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मी चेन्नईला आले. कमर्शियल आर्ट शिकलेली होते, घरी बसवेना, म्हणून या स्टुडिओत चिकटले. सांगलीला सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आमची सून तिकडे तलवारी करते’ एवढंच सांगायच्या. ऐकणारा मग माझ्या नवऱ्याची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करायचा.

आता हा बुटका कोण ते सांगते. आमचा गेम रोल-प्लेइंग होता. खेळणारा आधी आपल्यासाठी एक पात्र निवडतो आणि मग त्या पात्राच्या अंगाने सगळी गोष्ट खेळतो. निवडायला चार जाती होत्या. साधा माणूस, रानात राहणारा सडपातळ धनुर्धारी, डोंगरातला राक्षस आणि खाणीत राहणारा दाढीवाला बुटका. वाटेत चाळीसेक प्रकारच्या तलवारी सापडायच्या आणि सापडलेली तलवार कोणीही उचलू शकत असे. घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. तलवार एकच आणि उचलणारे चार.

तुम्ही म्हणाल, प्रत्येकाला वेगळी करून द्या. पण त्या काळी गेमच्या डबड्यात जागा फार थोडी. प्रत्येक तलवारीचं मॉडेल एकदाच बनवायचं आणि तेच सगळ्यांच्या हातात द्यायचं, अशी क्लायंटची अटच होती.

सुरुवातीला आम्ही तेच केलं. साध्या माणसाच्या मापाची तलवार चौघांनाही दिली. राक्षसाच्या हातात ती लोणी लावायच्या सुरीसारखी दिसली. बुटक्याच्या हातात तिचं टोक जमिनीत शिरलं. कॉम्प्युटरमधल्या जमिनीत दगडमाती काही नसते, त्यामुळे वस्तू तिच्यातून सरळ आरपार जाते. आमच्यात याला क्लिपिंग म्हणतात. बुटका चालायला लागला की एकेक सरी पाडत शेत नांगरत निघाल्यासारखा वाटायचा. हेन्रिकने तो बिल्ड परत पाठवला. बिल्ड म्हणजे तोवर झालेला गेम, खेळून बघता येईल असा.

मग आम्ही शहाणपणा केला. तलवारीचा आकार उंचीला बांधून टाकला. राक्षस माणसाच्या दीडपट, तर तलवारही दीडपट. बुटका उंचीला दोन तृतीयांश, तर तलवारही तेवढीच. कॉम्प्युटरला हे फार आवडतं. एक आकडा द्यायचा, सगळं त्या प्रमाणात लहान-मोठं होतं. आकडा दिला, बिल्ड पाठवला, आणि दात कोरण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

हेन्रिकचं चुकत नव्हतं. मी स्वतः मोठ्या स्क्रीनवर बघितलं तेव्हा मलाच लाज वाटली. तलवार आखडली तशी मूठही बारीक झाली होती, आणि बुटक्याची बोटं तिच्यातून आरपार जाऊन आपल्याच तळव्यात रुतत होती. राक्षसाकडे उलटी तऱ्हा. त्याची मूठ खांबाएवढी, बोटं अर्ध्यातच अडकलेली, आणि पातं प्रत्येक दारातून जाताना चौकटीत शिरायचं.

म्यूट काढल्यावर हेन्रिक शांतपणे म्हणाला, “पुढचा बिल्ड बघतो. तो जमला नाही तर लढाईचं सगळं काम मला दुसऱ्या स्टुडिओला द्यावं लागेल. माफ करा.”

फोन बंद झाला. प्रभाकरन सर उंचेपुरे, पोट सुटलेले, एरवी खदाखदा हसणारे. ते खुर्चीत तसेच बसून राहिले.

“लढाई गेली तर तुझ्या टीमला मी काय काम देऊ?” ते म्हणाले. “झाडं बनवायला एवढी माणसं लागत नाहीत.”

माझ्या शेजारी सेतू बसला होता. मी केलेल्या मॉडेलच्या आत हाडं बसवून त्यांना हलतं-चालतं करणारा तो. त्याला या स्टुडिओत मीच ओढून आणलं होतं. सिरुसेरीला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तो निवांत होता. कंपनीची बस, कंपनीचं जेवण. माझ्या शब्दावर ते सगळं सोडून आला. पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, त्याचं लग्न ठरलं होतं. आपण व्हिडिओ गेम करतो हे मुलीच्या वडिलांना सांगायचं धाडस त्याला अजून झालं नव्हतं; ‘सॉफ्टवेअर’ एवढ्यावरच त्यांनी होकार दिलेला. आता हेही गेलं तर तो त्यांना काय सांगणार, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. मला खरंच भीती वाटली. माझं काय, बँकवाला नवरा होता. या मुलाचं सगळं अडकलं होतं.

सेतू तंजावरचा. त्याचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी राज्याबरोबर तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण आपल्याला ती ऐकायला जुनी पोथी आणि तमिळ एकत्र वाचल्यासारखी वाटते. ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे अडचणीच्या गोष्टी मराठीतून.

“अक्का,” तो बाहेर पडताना म्हणाला, “एकेक तलवार हातानं बसवूं कीं?”

“चाळीस तलवारी, चार जाती, त्यात बायका-पुरुष वेगळे. बसव बाबा. तुझ्या मुलाच्या मुंजीपर्यंत होईल.”

“मग काय करायचं?”

“नियम शोधायचा. कोणाच्या हातात केवढी, याचा एकच नियम. तो एकदा सापडला की कॉम्प्युटर बाकीचं करेल.”

म्हणायला सोपं होतं. पुढचे दिवस आम्ही स्क्रीनसमोर बसून आकडे फिरवले. तलवार मोठी केली की जमीन नांगरायची, लहान केली की दात कोरायची. मधला कुठला आकडा असेल म्हणून शोधत राहिलो, आणि मधला आकडा घेतला की दोन्ही व्हायचं.

सरांनी एकदा टेबलापाशी येऊन विचारलं, “तुम्ही दोघं मराठे ना? घरात एखादी खरी तलवार असेल की. आणा, बघून करा.”

“सर, आमच्या घरात विळी आहे,” मी म्हटलं.

सेतू म्हणाला, “आमचे आजोबा-पणजोबा कच्चेरीत कागद लिहायचे सर. तलवारीला हात लावला असता तर बोट कापून घेतलं असतं.”

सर हसले नाहीत. तेव्हा मला समजलं की प्रकरण फार गंभीर आहे.

आणि त्यात आली आयुधपूजा.

बिल्ड पाठवायचा होता विजयादशमीच्या संध्याकाळी. शेड्यूल मीच आखलं होतं. हेन्रिकच्या देशातल्या सुट्ट्या इंटरनेटवरून शोधून शोधून लाल रंगाने भरल्या होत्या. आणि नवमीच्या चौकोनात मी लिहिलं होतं, ‘सकाळी पूजा, दुपारपासून काम.’ आमच्या सांगलीकडे कारखान्यात यंत्राला हार घालतात, पेढा तोंडात टाकतात आणि यंत्र सुरू करतात. मला वाटलं, इथेही तसंच. सेतूला खरं काय ते माहीत होतं, पण अक्कांनी लिहिलंय म्हटल्यावर अक्कांनी काहीतरी विचार केला असणार, असं धरून तो गप्प बसला. मोठ्यांना दुरुस्त करायचं नाही हे वळण चांगलंच, पण शेड्यूलला ते बाधतं.

आपल्याकडे ज्याला खंडेनवमी म्हणतात तोच हा दिवस. चेन्नईत त्या दिवशी रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. आमच्या इमारतीच्या दाराला केळीचे खुंट बांधले होते. उंबऱ्याबाहेर कोहळा फोडून झाला. आत प्रत्येक मॉनिटर पुसून त्याच्या कपाळी गंध लावलेलं. चुरमुरे, डाळं, सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ, आणि गोड पोंगल म्हणजे गुळाचा भात, यांचे द्रोण भरले होते. पूजा झाली, आरती झाली. मी प्रसाद खाल्ला, हात धुतले आणि खुर्चीत बसून कॉम्प्युटरच्या बटणाकडे बोट नेलं.

“मंजिरी!”

मीनाक्षी मॅडम. आमच्या ऑफिस मॅनेजर. रिसेप्शनपासून पगारापर्यंत सगळं त्यांच्या हातात. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, पण खांदे माझ्या दीडपट. पाण्याचा भलामोठा कॅन ऑफिसातली पोरं दोघं मिळून उचलायची आणि तरी निम्मं पाणी फरशीवर सांडायची. मॅडम पदर खोचायच्या आणि एकट्या, एका दमात कॅन उलटा करून बसवायच्या. थेंब सांडायचा नाही.

“ऑन पण्णक्कूडादु,” त्या म्हणाल्या. सुरू करायचा नाही. “आयुधं देवीपुढे ठेवली आहेत. आज ती विश्रांती घेणार. उद्या सकाळी पुन्हा पूजा, मग काम.”

“मॅडम, उद्या संध्याकाळी बिल्ड जायचाय.”

“उद्या सकाळी सुरू कर.”

मी सरांकडे धावले. सरांनी हात वर केले. एका वर्षी त्यांनी पूजेनंतर गुपचूप काम करवून घेतलं होतं आणि त्याच आठवड्यात सर्व्हर बसला होता. सर्व्हर जुना होता म्हणून बसला असेल, पण हे त्यांना कोण सांगणार? आणि मालकच मीनाक्षी मॅडमना घाबरतात म्हटल्यावर माझी काय कथा. दुष्काळात तेरावा महिना.

मी आणि सेतू रिकाम्या हातांनी बसून राहिलो. बाकीची पोरं घरी गेली होती, आम्हाला जाववत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, “कॉम्प्युटर नाही तर नाही. पुठ्ठ्याची तलवार कापू, हातात धरून बघू.”

कटर शोधायला गेले तर तो देवीपुढे. कात्री देवीपुढे. स्टेपलर, पंचिंग मशीन, मोजपट्टी, पेनं, सगळी मंडळी गंध लावून ओळीने बसलेली. एवढंच काय, चहाची किटलीसुद्धा.

रिसेप्शनवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. लहानपणी सगळी मुलं करतात तशी मी पेपरांची लांब सुरळी वळली आणि हाराबरोबर आलेला दोरा तिला मधोमध गुंडाळला. तेवढ्यात मीनाक्षी मॅडम आल्याच.

“एन्न इदु?” हे काय आहे?

“पेपर आहे मॅडम. पेपर काही आयुध नाही.”

त्यांनी विचार केला. “आयुध नाही. पण छापलेला कागद म्हणजे सरस्वती. तिचीही आज पूजा आहे.”

“कालचा पेपर आहे.”

“कालचा चालेल,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. आम्ही आणखी काय मोडतो यावर लक्ष ठेवायला.

सेतू साधा माणूस झाला. मध्यम उंची, मध्यम हात. सुरळी त्याच्या हातात नीट बसली. दोनचार वार केले, टेबलाभोवती फिरला, कुठे काही अडलं नाही. आमची मूळ तलवार त्याच मापाची होती, त्यात नवल नव्हतं.

“आता बुटका पाहिजे,” मी मराठीत म्हटलं आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी मीनाक्षी मॅडमकडे बघितलं.

“काय?” त्या म्हणाल्या.

“मॅडम, गेममध्ये एक राजा आहे. खाणीतला. फार बलवान. त्याच्यासाठी जरा मदत पाहिजे.” बुटका हा शब्द मी गाळला. मलाही जीव प्यारा होता.

राजा म्हटल्यावर त्या उठल्या. मी आधी दोन तृतीयांश मापाची बारीक सुरळी वळून दिली, हेन्रिकला पाठवली होती अगदी तशी. त्यांनी ती मुठीत धरली. बोटं फिरून तळव्याला लागली.

“हे काय, उदबत्ती?”

हेन्रिक दात कोरणं म्हणाला, या उदबत्ती म्हणाल्या. तक्रार तीच. मग त्यांनी सेतूच्या हातातली मोठी सुरळीच हिसकावून घेतली. ती त्यांच्या मुठीत झकास बसली, सेतूपेक्षाही पक्की. पण हात खाली सोडल्याबरोबर टोक फरशीवर आपटलं. चालताना पायात आलं.

“लांब आहे,” त्या म्हणाल्या. “लहान कर.”

सुरळी लहान करायला नवी वळावी लागत नाही. टोकाकडून आत ढकलली की ती आपोआप आखडते. मी ढकलली. टोक फरशीपासून वर उचललं गेलं. मॅडमनी फिरवून बघितली, सुंडलच्या द्रोणावर बसलेल्या माशीवर एक वार केला, आणि म्हणाल्या, “आता सरी.” म्हणजे आता बरोबर.

सेतू मॅडमच्या हाताकडे बघत होता.

“अक्का,” तो म्हणाला. “लांबी कमी झाली. मूठ तेवढीच राहिली.”

मी जवळ जाऊन मॅडमची मूठ बघितली.

“मॅडमचे पाय लहान, अक्का. हात लहान नाही. आम्ही पाय बघून हातहि कापून टाकट्लों.”

इतके दिवस आम्ही एका आकड्याने अख्खी तलवार लहान-मोठी करत होतो. कॉम्प्युटरमध्ये ती एकसंध वस्तू होती, म्हणून आमच्या डोक्यातही एकसंधच. पण माणूस तलवारीला एका जागी नाही, दोन जागी भेटतो. मूठ तळव्याला भेटते. पातं जमिनीला, दाराला, पायांना भेटतं. दोन्हीचं माप एका उंचीत कसं बसणार? बुटका म्हणजे आकसलेला माणूस नव्हे. त्याचा तळवा साध्या माणसापेक्षा रुंद आहे, असं हेन्रिकच्या चित्रांतही स्वच्छ दिसत होतं. चित्रं आम्ही महिनोन्महिने भिंतीवर लावून बघत होतो. हातच्या कांकणाला आरसा म्हणतात तो आम्ही विकत घेऊन ठेवला होता.

मग आम्ही सुटलोच. मोजपट्टी नव्हती, पेन नव्हतं. हारातली फुलं ओवायचा केळीच्या सोपटाचा दोर होता. प्रत्येक माणसाचा एक दोर, त्यात गाठी. पहिली गाठ तळव्याच्या रुंदीची. दुसरी, हात सैल सोडल्यावर मुठीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराची. पातं त्याहून कमी हवं, म्हणजे नांगरणी बंद.

तिसरी गाठ सेतूने काढली. “म्यानातून उपसायला यायला पाहिजे कीं नाही?”

मॅडमनी पदर गच्च खोचला, सुरळी कमरेला डावीकडे अडकवली आणि उजव्या हाताने उपसली. हात पूर्ण ताणला तरी टोक कमरेतच. पुन्हा पदर ओढून खोचला, पुन्हा उपसली. मी सुरळी जराशी आत ढकलली. तिसऱ्यांदा पदर खोचून त्यांनी अशी झोकात उपसली की सेतू दोन पावलं मागे सरला. हात ताणून जेवढा लांब जातो त्याहून पातं मोठं नको, ही तिसरी गाठ.

राक्षस आयताच चालत आला. कसला गोंधळ चाललाय ते बघायला प्रभाकरन सर केबिनमधून आले, एका हातात पोंगलचा द्रोण. मी त्यांच्या दुसऱ्या हातात दीडपट सुरळी दिली. त्यांची बोटं अर्ध्यावरच अडली. सुरळीची मूठ मी आवळून दिली, तेव्हा बोटं मिटली. “असं का?” म्हणत त्यांनी सुरळी डोक्यावर उगारली आणि ती सरळ फॉल्स सीलिंगमध्ये घुसली. एक चौकोन सरकला, धूळ पोंगलवर पडली.

मीनाक्षी मॅडमनी आधी सीलिंगकडे बघितलं, मग प्रसादाच्या द्रोणाकडे. सरांनी द्रोण हळूच टेबलाखाली सरकवला.

“खोलीची उंचीही बघायला हवी,” ते म्हणाले, फार महत्त्वाचं निरीक्षण केल्यासारखं. पण ते हसत होते. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी देवीपुढून एकेक वस्तू उचलून दिली. सेतूने कॉम्प्युटर सुरू केला, गाठींचे दोर मॉनिटरला टांगले आणि कामाला लागला. मी प्रत्येक तलवारीचे मूठ आणि पातं असे दोन भाग वेगळे केले. मूठ जिथे संपते तिथे एक न दिसणारी रेघ. सेतूने नियम लिहिला. मूठ तळव्याप्रमाणे. पात्याची रुंदीही तळव्याप्रमाणे, म्हणजे तलवार मुठीपाशी विचित्र दिसणार नाही. पात्याची लांबी दुसऱ्या आणि तिसऱ्या गाठीपैकी जी लहान असेल तिच्याहून जराशी कमी. दोन हातांनी धरायच्या लांब तलवारी या नियमात बसेनात, त्या आम्ही सरळ पाठीवर अडकवल्या.

दुपारी सेतूने बटण दाबलं. चाळीसच्या चाळीस तलवारी एकामागून एक बुटक्याच्या हातात येऊन गेल्या. आखूड, रुंद, जाडजूड. पूर्वी तो तलवार सांभाळत होता. आता तलवार त्याला घाबरून असल्यासारखी दिसत होती. राक्षसाची लांब, पण दारातून जाणारी. एकही टोक जमिनीत नाही. मी खुर्चीत मागे रेलले आणि मला चक्क रडू आलं. सेतूने न बघितल्यासारखं केलं. चांगला मुलगा.

बिल्ड वेळेत गेला. मग फोनची वाट बघणं. हेन्रिकने फोन केला तेव्हा सगळी टीम कॉन्फरन्स रूममध्ये कोंबून उभी होती. मीनाक्षी मॅडमही दाराशी, कारण सीलिंगचा चौकोन बसवायला आलेल्या माणसाला त्या बाहेर थांबवून आल्या होत्या.

फोनमध्ये बराच वेळ नुसतं माऊसचं क्लिक क्लिक ऐकू येत होतं. मग हेन्रिक म्हणाला, “हा बुटका…”

सरांनी डोळे मिटले.

“हा बुटका आता मला हरवेल असं वाटतं. कुऱ्हाडी आणि गदांनाही हाच नियम लावता येईल का? म्हणजे तेही काम मी तुमच्याकडेच देतो.”

माझा जीव भांड्यात पडला. सरांनी म्यूट न दाबताच “मुरुगा!” म्हणून मोठ्याने देवाचं नाव घेतलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. सेतू तेवढा टाळ्या न वाजवता खाली बसला, दोन्ही हातांनी गुडघे धरून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने भिजला होता.

“आणि एक,” हेन्रिक म्हणाला. “तलवार उपसण्याआधी तो डावीकडे कमरेशी हात नेऊन काहीतरी गच्च खोचतो. ते कोणी केलं? फार छान आहे. आता खरं वाटतं, की हा हटणार नाही.”

मी सेतूकडे बघितलं. मला न सांगता हा उद्योग केला होता पठ्ठ्याने. मॅडमनी तीनदा खोचलेला पदर त्याने दाढीवाल्या बुटक्याच्या अंगात बसवून दिला होता.

“आमच्याकडची पद्धत आहे,” सेतू फोनमध्ये म्हणाला. “लढायच्या आधीची.”

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. सासऱ्यांना त्याने मांडवात सगळं खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की पगार वेळेवर होतो ना.

गेम बाहेर आला त्यानंतर हेन्रिक चेन्नईला आला. आम्ही सगळे त्याला घ्यायला खाली गेलो आणि तो नेमका दुसऱ्या लिफ्टने वर पोचला. वर रिसेप्शनपाशी एक उंच गोरा माणूस आणि मीनाक्षी मॅडम, दोघंच. पाण्याचा कॅन संपला होता. आम्ही जिन्याने धापा टाकत दारात आलो तेव्हा हेन्रिक अदबीने कॅन उचलायला वाकत होता. मॅडमनी त्याला हाताने बाजूला केलं. डावीकडे कमरेशी पदर गच्च खोचला. कॅन उचलला आणि बसवला. थेंब सांडला नाही.

हेन्रिक तसाच वाकलेला राहिला. मग सावकाश सरळ झाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने मॅडमना कमरेतून लवून नमस्कार केला, गेममधले सरदार आपल्या राजाला करतात तसा. मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी त्याला व्हिजिटर पास दिला आणि गळ्यात घालायला सांगितलं.

दाढीचं त्यांना पुढे कळलंच. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग पोस्टरवरचा बुटका एकदा नीट बघून म्हणाल्या, “दाढी तुमची. बाकी ठीक आहे.”

त्यानंतर मी बरीच वर्षं या धंद्यात काढली. कोणी नवीन पोरगं उंचीवरून आकार ठरवायला लागलं की मी त्याला कालचा पेपर देते. माणूस ठेंगणा असला म्हणून त्याची मूठ ठेंगणी धरू नये, एवढं त्यातून समजतं. आणि शेड्यूल आखताना परदेशातल्या सुट्ट्या इंटरनेटवरून भराव्यात. इथल्या मात्र मीनाक्षी मॅडमना विचारून.